साडेतेरा हजारांच्या मायक्रोस्कोपातनं सेल प्लेट दिसते का, सहा महिने वापरून लिहितेय

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. कोल्हापुरात बी.एस्सी. बॉटनी करणारं कुणी असेल, किंवा माझ्यासारखं अकरावी-बारावीचे बायोचे क्लास घेणारं असेल, आणि स्वतःचा मायक्रोस्कोप घ्यायचा विचार असेल तर साध्या मोनोक्युलरवर (एका डोळ्यानं बघायचा) पैसे घालवू नका, थोडे थांबा, अजून पैसे साठवा आणि एलईडीवाला बायनाक्युलर (दोन्ही डोळ्यांनी बघायचा) घ्या. मी जानेवारीत घेतला, शाहूपुरीतल्या सायन्सचं सामान विकणाऱ्या एका दुकानातनं, साडेतेरा हजाराला, अंबाल्यात बनलेला. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते पुढं येतंय.

रिव्ह्यू लांब होणार आहे, कारण मी तो एकाच गोष्टीवर पारखून घेतलाय. ती गोष्ट म्हणजे सेल प्लेट. वनस्पतीची पेशी दोन होते तेव्हा मधे जी नवीन भिंत उभी राहते तिची पहिली रेघ. पुस्तकात तिला एक ओळ असते, "टेलोफेजच्या शेवटी सेल प्लेट तयार होते", बस्स. (टेलोफेज म्हणजे केंद्रक विभागण्याचा शेवटचा टप्पा.) पोरं ती ओळ पाठ करतात आणि पुढं जातात. मीपण तशीच पुढं गेले होते. एम.एस्सी.ला शिवाजी विद्यापीठात असताना या एका ओळीच्या मागं केवढा कारखाना आहे ते पहिल्यांदा कळलं आणि तेव्हापासनं मला वाटत आलंय की ही रेघ प्रत्येक पोराला एकदा तरी स्वतःच्या डोळ्यानं दिसायला पाहिजे. म्हणून माझा प्रश्न एकच होता, घरच्या बजेटमधल्या यंत्रातनं ती दिसते का.

याच्या आधी मी ऑनलाइन एक मोनोक्युलर मागवला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही. फोटोत धातूचा दिसत होता, हातात आला तर अर्धा प्लॅस्टिक, आरशावर उजेड घ्यायचा, आणि ४० च्या लेन्सला सगळं निळ्या-पिवळ्या कडांचं. मुळीच्या पेशी दिसायच्या, क्रोमोसोमचे गोळे दिसायचे, पण रेघ काही दिसली नाही. परत पाठवायची मुदतपण संपली होती. तीन हजार गेले.

त्यामुळं या वेळी दुकानात जाऊन, बघून घ्यायचं ठरवलं. दुकान लहान आहे, वर माळ्यापर्यंत खोके, पण दुकानवाले काका जाणकार. मी विचारलं, "काका, लावून बघू का?" तर म्हणाले, "मॅडम, आमची नको, तुमची स्लाइड आणा, तुमची लावून बघा, मग बोलू." दुसऱ्या दिवशी मी माझी कांद्याच्या मुळीची स्लाइड घेऊन गेले आणि जवळजवळ पाऊण तास बघत बसले, कुणी घाई केली नाही, मधे चहा पण आला. तीन मॉडेल लावून दाखवली आणि सगळ्यात महाग ते घ्या असं एकदाही म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण असं दुकान गावात आहे ही मोठी सोय आहे.

आता यंत्राबद्दल. चार लेन्स आहेत, ४, १०, ४० आणि तेलात बुडवून वापरायची १००. डोळ्याकडचे दोन्ही १० पट. म्हणजे ४० ची लावली की ४०० पट. खाली ॲबे कंडेन्सर, म्हणजे उजेड स्लाइडवर एकवटणारं भिंग, त्याला उजेड कमी-जास्त करायचा आयरिस पडदा, आणि स्लाइड सरकवायला दोन स्क्रूची मेकॅनिकल स्टेज. दिवा एलईडीचा आणि आत चार्जिंगची बॅटरी, लाइट गेली तरी दोनेक तास निघतात. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारी लाइट जायची तेव्हा पोरं मोबाइलची टॉर्च लावून वही लिहायची आणि मायक्रोस्कोप मात्र चालू असायचा.

स्लाइड कशी करायची ते थोडक्यात सांगते, कारण मायक्रोस्कोप चांगला आणि स्लाइड वाईट असली तर दोष यंत्राला जातो. कपिलतीर्थ मंडईतनं मध्यम आकाराचे कांदे आणले, जुन्या मुळ्या ब्लेडनं खरवडून काढल्या, ग्लासच्या तोंडावर बूड पाण्याला टेकेल असे ठेवले, तीन-चार दिवसात पांढऱ्या मुळ्या येतात. सकाळी आठ-नऊच्या दरम्यान टोकं कापायची, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिड यात रात्रभर ठेवायची. मग कोमट हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे काही मिनिटं, म्हणजे पेशी एकमेकींपासनं सुटतात, धुऊन ॲसिटोकारमाइन हा लाल रंग, फक्त टोकाचा एखादा-दोन मिलिमीटर भाग ठेवायचा, कव्हरस्लिप, वर टिपकागद आणि अंगठ्यानं सरळ दाब. अंगठा हलला की संपलं, पेशी गुंडाळल्या जातात. ॲसिडचं काम मी स्वतः करते, पोरांना हात लावू देत नाही.

आणि दिसली. पहिल्या दिवशी दुकानातच दिसली होती, पण घरी शांतपणे बघितली तेव्हा खात्री पटली. दोन टोकांना गडद लाल दोन गोळे, मधे फिकट मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेच्या बरोब्बर मधे एक बारीक रेघ, काही पेशीत ती दोन्ही बाजूंच्या भिंतीला पोचलेली आणि काही पेशीत अजून मधेच, दोन्ही कडांपासनं लांब. ही मधेच थांबलेली रेघ म्हणजे सगळी गंमत आहे. प्राण्याची पेशी बाहेरनं आत आवळली जाते, पिशवीच्या तोंडाला दोरी आवळावी तशी. वनस्पतीच्या पेशीला बाहेर कडक भिंत आहे, आवळणार कसं? म्हणून ती उलटं करते, मधनं सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं भिंत बांधत जाते. अर्धी रेघ दिसली की हे वेगळं सांगावं लागत नाही.

टीप: रेघ बघताना दिवा मोठा करू नका. कंडेन्सरचा आयरिस अर्ध्याच्या खाली आणा, उजेड कमी करा, मग कॉन्ट्रास्ट येतो. मोनोक्युलरला आयरिस नव्हताच, तिथंच ते यंत्र हरलं.

आता ही रेघ येते कुठनं, हे सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू मला पुरा करता येणार नाही. पेशी विभागायच्या आधीच ठरवते की भिंत कुठं येणार. घर बांधताना जोत्याची आखणी करून फक्की मारतात ना, तसा मायक्रोट्युब्यूलचा, म्हणजे पेशीतल्या प्रोटीनच्या बारीक नळ्यांचा, एक पट्टा पेशीच्या कडेला गोल बसतो, प्रीप्रोफेज बँड. मग तो निघून जातो, पण जागा मात्र पेशीच्या लक्षात राहते, काही प्रोटीन तिथं खूण म्हणून राहतात. क्रोमोसोम वेगळे झाले की दोन केंद्रकांच्या मधे फ्रॅग्मोप्लास्ट उभा राहतो, मायक्रोट्युब्यूल आणि ॲक्टिनच्या दोऱ्यांचा. हे रूळ. या रुळांवरनं गॉल्जी (पेशीतलं माल बांधून पाठवायचं ठिकाण) आणि त्याच्या पलीकडच्या जाळ्यातनं सुटलेल्या बारक्या पिशव्या, व्हेसिकल, मधल्या रेषेकडं येतात. जानेवारीत आपल्याकडं रस्त्यावर काय दिसतं, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वेगवेगळ्या गावाच्या वेगवेगळ्या फडातनं निघालेल्या, आणि सगळ्यांचं तोंड कारखान्याच्या एकाच गेटकडं. मी वर्गात हेच सांगते. फक्त इथं ट्रॉल्या गेटवर पोचून मोकळ्या होऊन परत जात नाहीत, त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि ट्रॉल्यांचीच भिंत होते. पिशवीच्या आतला माल, पेक्टिन वगैरे, तो नव्या भिंतीचा गारा, आणि पिशवीचं आवरण म्हणजे दोन्ही नव्या पेशींचं नवं पटल, पेशीभोवतीचा पातळ पडदा. आधी नळ्यांचं जाळं, मग कॅलोज नावाचा भिंतीचा तात्पुरता माल साठतो, जाळं पसरून भोकंभोकं असलेली चादर होते, भोकं बुजतात, कडेनं नवीन पिशव्या येत राहतात आणि चादर वाढत वाढत जुन्या भिंतीला जिथं फक्की मारली होती तिथं जाऊन जुळते. मागनं सेल्युलोज येतं आणि भिंत पक्की.

मग प्रश्न असा, पिशव्या एकमेकींना जोडतं कोण? दोन पटलं आपोआप एक होत नाहीत. इथं ती प्रोटीनं येतात ज्यांच्यासाठी मी एम.एस्सी.चं दुसरं वर्ष लायब्ररीत काढलं. जर्मनीत गेर्ड युर्गेन्स यांच्या गटानं १९९१ साली ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचे, ज्यांच्या गर्भाचा आराखडाच बिघडलाय असे म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेली रोपं, प्रसिद्ध केले. त्यातला एक होता क्नोले, जर्मनमधे याचा अर्थ कंद. रोप खरंच बारक्या खडबडीत कंदासारखं दिसतं, मूळ-खोड-पान असं नीट काही नाही, पेशी फुगलेल्या, भिंती अर्ध्या, एकेका पेशीत एकापेक्षा जास्त केंद्रकं, आणि रोप बाळपणीच मरतं. १९९६ साली तो जीन सापडला तेव्हा कळलं की क्नोले हे सिंटॅक्सिन जातीचं प्रोटीन आहे. सिंटॅक्सिन म्हणजे आपल्या मज्जापेशींच्या टोकाला रासायनिक निरोपाच्या पिशव्या पटलाला जोडणारं प्रोटीन! मेंदूत जे यंत्र निरोप सोडतं त्याच घराण्यातलं यंत्र कांद्यात भिंत बांधतंय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लायब्ररीतनं उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले होते, इतकं भारी वाटलं होतं.

या घराण्याला स्नेअर म्हणतात. क्नोले एका पटलावर, त्याच्या जोडीला स्नॅप-३३, समोरच्या पिशवीवर व्हॅम्प-७२१ किंवा ७२२, हे धागे एकमेकांत चेनसारखे गुंफले जातात आणि ओढ बसून दोन पटलं जुळतात. क्नोले पेशी विभागायच्या वेळेपुरतंच तयार होतं, काम झालं की व्हॅक्युओलमधे, पेशीतल्या मोठ्या पोकळीत, नेऊन मोडून टाकलं जातं. इतकी काटेकोर शिस्त. त्याला मदतीला कॉयले म्हणून दुसरं प्रोटीन असतं, जर्मनमधे सोटा. त्याचा जीन २००१ मधे उलगडला आणि तो निघाला सेक-१ च्या घराण्यातला, आणि सेक-१ हा रँडी शेकमन आणि पीटर नोविक यांनी १९७९ साली यीस्टमधे शोधलेला. क्नोले मिटून बसू नये, उघडं आणि जोडायला तयार राहावं हे काम कॉयले करतं. पिशव्यांच्या या वाहतुकीसाठी २०१३ चं मेडिसिनचं नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना मिळालं. बारावीच्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती विचारतात की मॅडम परीक्षेला येतं का. येत नाही. तरी सांगते.

जोडण्याआधी पिशव्या जवळ आणून बांधून ठेवायलापण माणसं लागतात. आठ प्रोटीनांची एक टोळी, एक्सोसिस्ट, आणि ट्रॅप नावाची दुसरी. कुठल्या पिशवीनं कुठं उतरायचं याची चिठ्ठी म्हणजे रॅब प्रोटीनं. जाळ्याच्या नळ्यांना बाहेरनं वेढे घालून त्यांना आकार देणारं डायनामिनच्या जातीचं प्रोटीन आधी सोयाबीनमधे ओळखलं गेलं, त्याचं नावच फ्रॅग्मोप्लास्टिन. सोयाबीन म्हटल्यावर पोरांचे कान टवकारतात, कारण निम्म्यांच्या घरी खरिपाला तेच असतं. आणि जास्तीचं पटल परत उचलून नेणारी यंत्रणाही असते, क्लॅथ्रिनची, म्हणजे नुसतं आणून टाकणं नाही तर उरलेलं गोळा करणंपण.

आता प्रामाणिकपणे, यातलं या मायक्रोस्कोपात काय दिसतं? पिशव्या दिसत नाहीत. कुणी विक्रेता सांगत असेल की १०००, १५०० किंवा २००० पटीत "पेशीच्या आतलं सगळं" दिसतं तर त्यावर विश्वास ठेवू नका. उजेडाच्या मायक्रोस्कोपाची मर्यादा मोठं करण्यात नसते, दोन ठिपके वेगळे दिसण्यात असते. माझ्या ४० च्या लेन्सवर ०.६५ लिहिलंय, हा आकडा लेन्स किती जवळचे ठिपके वेगळे दाखवते ते सांगतो, त्या हिशोबानं अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके एकच दिसणार. १०० च्या तेलाच्या लेन्सवर १.२५, तिथं साधारण पाव मायक्रोमीटर. आणि ही व्हेसिकल साठ-सत्तर नॅनोमीटरची, म्हणजे त्या पाव मायक्रोमीटरच्याही चौथ्या हिश्श्याच्या आसपास. डोळ्याकडची लेन्स १० ची काढून २५ ची लावली तर तोच धूसर ठिपका मोठा धूसर ठिपका होतो. पिशव्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपात दिसतात, आणि क्नोले कुठं बसलंय ते त्याला चमकणारं प्रोटीन जोडून कॉन्फोकल नावाच्या लेसरच्या मायक्रोस्कोपात बघतात, ती यंत्रं लाखात आणि कोटीत. साडेतेरा हजारात आपल्याला दिसतं ते त्या सगळ्या कामाचं फळ, ती रेघ. मला ते पुरेसं वाटतं.

पण एक प्रयोग असा आहे की पिशव्या न दिसताही त्यांचं काम अडलेलं दिसतं, आणि त्यासाठी हा मायक्रोस्कोप पुरेपूर आहे. कॅफीन. कांद्याच्या मुळ्या कॅफीनच्या पाण्यात ठेवल्या की सेल प्लेट सुरू होते पण पक्की होत नाही, विस्कटून जाते, आणि एकाच पेशीत दोन केंद्रकं राहतात. कांद्याच्या मुळ्यांवर हा प्रयोग कित्येक दशकं चालत आलाय. प्रमाण साधारण एक लिटरला एक ग्रॅम, तासभर. कॉफी पावडरनं होत नाही, शुद्ध कॅफीन पाहिजे, आणि ते केमिकलच्या दुकानातनं आणलं तर बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून कुलपात ठेवा, शुद्ध कॅफीन पोटात गेलं तर जिवावर बेततं. मी तासाभरानं मुळ्या काढल्या, नेहमीसारख्या रंगवल्या, आणि ४०० पटीला बघितलं. दोन केंद्रकं शेजारी शेजारी, मधे काही नाही. एकच मोठी पेशी. आपली साधी स्लाइड शेजारी ठेवून आलटूनपालटून बघितलं, एकीत रेघ, दुसरीत नाही. एक पोरगी, बारावीची, बराच वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "मॅडम, ही पेशी दोन व्हायचं विसरली." मी म्हटलं विसरली नाही गं, तिला भिंत बांधू दिली नाही. क्नोलेचं रोप हातात नसताना क्नोलेसारखी पेशी दाखवायची याच्यापेक्षा स्वस्त वाट मला माहीत नाही.

दुसरा प्रयोग उसाचा, तो अर्धाच जमला. आबांनी गावाकडनं उसाच्या टिपऱ्या (लावायचे तुकडे) आणून दिल्या, ८६०३२ या जातीच्या. ओल्या पोत्यात गुंडाळल्या, पेऱ्याजवळच्या पट्ट्यातनं मुळ्या फुटल्या. पण उसाचे क्रोमोसोम शंभराच्या वर, आणि बारीक, कांद्याचे मोजून सोळा आणि जाडजूड. मोजायला गेले तर गर्दीच गर्दी. १०० च्या लेन्सलापण सुटे झाले नाहीत. त्यात यंत्राचा दोष नाही, पण उसाच्या भागात राहून ऊस बघू असं वाटणाऱ्यांनी आधी कांद्यावर हात बसवा. सेल प्लेट मात्र उसाच्या काही पेशीत दिसली, कांद्याइतकी स्वच्छ नाही.

त्या टिपऱ्यांवरनं आबांनी विचारलं, "टिपरी उलटी पडली तरी कोंब वरच येतोय आणि मुळी खालीच, ही तुझी पेशी हे कसं ठरवती?" आता यातला वर-खालीचा भाग गुरुत्वाकर्षणाचा आहे, पण त्याच्या मुळाशी परत पटलाची वाहतूकच आहे, म्हणून मी त्यांना ग्नोमची गोष्ट सांगितली. क्नोले ज्या म्युटंटांच्या यादीत होतं त्याच यादीतलं हे. ग्नोम बिघडलं तर रोपाला मूळच येत नाही, कधीकधी नुसता गोळा. ग्नोम हे पिशव्या सुटायला चालना देणारं प्रोटीन. ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक पेशीतनं बाहेर काढणारे दरवाजे, पिन नावाचे, पेशीच्या एकाच बाजूला बसलेले असतात आणि ती बाजू ठरते ते दरवाजे सतत आत ओढून परत योग्य जागी पाठवले जातात म्हणून. ब्रेफेल्डिन-ए म्हणून बुरशीपासनं मिळणारं एक रसायन मुळीला दिलं की हे परत पाठवणं थांबतं आणि पिन-१ आत साठत जातं. २००३ मधे दाखवलं गेलं की ग्नोममधलं एकच अमिनो ॲसिड बदललं तर ते त्या रसायनाला दाद देत नाही आणि पिन-१ आपल्या जागी टिकतं. म्हणजे ग्नोमवर दरवाजा कुठं बसणार ते ठरतंय, दरवाज्यावर ऑक्सिन कुठं जाणार ते ठरतंय आणि ऑक्सिनवर मूळ येणार की नाही ते. आबा ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, "म्हंजे शेंडा छाटला की डोळं फुटत्यात ते ह्येच की." बरोब्बर तेच. शेंड्याकडनं येणारं ऑक्सिन थांबलं की खालच्या डोळ्यांवरचा अडसर जातो. पन्नास वर्षं टिपऱ्या लावणाऱ्या माणसाला हे माहीतच होतं, आतल्या दरवाज्याचं नाव तेवढं मी सांगितलं.

आता एक स्टार कुठं गेला. घेतल्यावर महिन्याभरात स्टेज आपोआप खाली सरकायला लागली. फोकस करा, वहीत बघून दोन ओळी लिहा, परत डोळा लावा तर धूसर. पोरांना वाटायचं आपलंच चुकतंय, आणि वर्गात पंधरा जणांची रांग लागलेली असताना हे फार त्रासाचं होतं. सोबतच्या कागदावर याबद्दल एक अक्षर नाही. मी उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्या मामांकडं घेऊन गेले, त्यांनी खोलायच्या आधी फिरवून बघितलं आणि म्हणाले हे खोलायचं कामच नाही, मोठ्या नॉबच्या मागं ही कडी आहे ती आवळायची. दोन मिनिटाचं काम, पैसे घेतले नाहीत. नंतर शाहूपुरीतल्या काकांना सांगितलं तर म्हणाले की हे मी विकतानाच दाखवायला पाहिजे होतं, आता प्रत्येकाला दाखवतो. चूक मान्य केली, बरं वाटलं. तरी कंपनीनं कागदावर लिहायला पाहिजे, म्हणून स्टार कापला.

बारीक तक्रारी अजून दोन. १०० ची लेन्स ठीकठाक आहे, कडांना चित्र वाकतं, मधला भागच कामाचा. सोबत दिलेली तेलाची बाटली बोटभर, महिन्यात संपली, वेगळं इमर्शन ऑइल घ्या आणि काही झालं तरी घरातलं खोबरेल वापरू नका. आणि मोबाइल लावायचा क्लॅम्प वेगळा घ्यावा लागतो, नऊशे रुपये, पण तो घ्याच. मी टीव्हीला मोबाइल जोडून स्लाइड दाखवते, एकाच वेळी सगळ्या वर्गाला अर्धी रेघ दिसते आणि मी बोट ठेवून सांगू शकते की ही अजून कडेला पोचली नाही बघा. यानं माझं शिकवणंच बदललं.

४० ची लेन्स स्लाइडच्या अगदी जवळ येते, ॲसिटोकारमाइन कव्हरस्लिपच्या बाहेर आलं की थेट लेन्सला लागतं. त्यात ॲसिड आहे. दर स्लाइडनंतर लेन्स पेपरनं पुसायची सवय पहिल्या दिवसापासनं लावा, रुमालानं नाही, ओढणीनं तर अजिबात नाही.

जुलैतलं अपडेट. पाऊस सुरू झाला आणि मला कोल्हापूरच्या दमटपणाची भीती होती, लेन्सला बुरशी धरते, एकदा आत शिरली की निघत नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणं थर्माकोलच्या खोक्याऐवजी घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर निळी होईपर्यंत गरम करून परत. पंचगंगेला पाणी चढलं तेव्हा चार दिवस क्लास बंद होते, डबा उघडलाच नाही, नंतर बघितलं तर लेन्स स्वच्छ.

आणि पावसाळ्यात दारातली सदाफुली भरभरून फुलली म्हणून नवीन खेळ सापडला, परागनलिका. साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरिक ॲसिड, त्यावर पराग झटकायचे, काचेवर ओला कापूस ठेवून झाकायचं, आणि तासा-दोन तासात नळ्या फुटतात. ही नळी फक्त टोकाला वाढते आणि टोकाला नवीन भिंत आणून टाकणाऱ्यापण त्याच बारक्या पिशव्या, तीच एक्सोसिस्टची टोळी, तेच रॅब. सेल प्लेटमधे पिशव्या मधल्या रेषेकडं येतात, इथं टोकाकडं. फरक असा की इथं रंगवायचं नाही, मारायचं नाही, सगळं जिवंत. ४०० पटीला, आयरिस बारीक करून, नळीच्या आत कण कडेनं टोकाकडं धावताना आणि मधनं परत फिरताना दिसतात. कण मोठे, पिशव्या नाहीत, पण वाहतूक मात्र दिसते, चालू असलेली. काल संध्याकाळी लाइट गेलेली असताना बॅटरीवर तीन पोरं आळीपाळीनं एकच नळी बघत बसली होती, बाहेर पाऊस, आणि सात वाजले तरी कुणी दप्तर उचललं नाही.

शाहूपुरीत गेलात तर काकांना स्टेजची कडी आधी आवळून मागा, आणि तुमची स्वतःची स्लाइड घेऊन जा.